झाकलेल्या जखमेचा इतिहास

छातीच्या भिंतीला पडलेले भगदाड पाठीच्या स्नायूने बुजवता येते, हे १९०६ सालीच छापून आले होते. इटलीतील पाव्हियाचे शल्यविशारद इजिनियो टान्सिनी यांनी कर्करोगासाठी स्तन काढल्यावर उरणारी मोठी उघडी जागा झाकण्याची आपली रीत त्या वर्षी मांडली. पाठीवरची कातडी, तिच्याखालचा लॅटिसिमस डॉर्साय हा रुंद, पसरट स्नायू आणि काखेकडून येणाऱ्या त्याच्या रक्तवाहिन्या हे सारे एकसंध उचलायचे, काखेखालून पुढे वळवायचे आणि छातीवर शिवून टाकायचे, अशी ती रीत होती. काही वर्षे ती युरोपात चालली आणि मग दिसेनाशी झाली. १९७६ साली कोलोनच्या नेव्हेन ओलिव्हारी यांनी तोच स्नायू त्याच वाटेने छातीवर आणल्याचे लिहिले, तेव्हा ती नवी शस्त्रक्रिया म्हणून सर्वत्र उचलली गेली. १९८० साली अमेरिकन प्लास्टिक सर्जन पॅट्रिक मॅक्सवेल यांनी जुने लेखन धुंडाळून टान्सिनींचे श्रेय टान्सिनींना परत केले. मधली ७० वर्षे मात्र हिशेब मागतात. हाताला जमलेली, छापून आलेली, माणसांवर करून पाहिलेली विद्या इतका काळ कुठे गेली होती? भूल, प्रतिजैविके आणि शरीरशास्त्र पुढे जायची वाट पाहत ती थांबली होती, असे उत्तर सहसा दिले जाते. मला ते अपुरे वाटते. छातीवरची उघडी जखम हा उपचाराचा दोष आहे, असे वैद्यकाने जोवर मानले नाही, तोवर ती झाकण्याच्या विद्येला कोणी वाली नव्हता, हे माझे म्हणणे.

वादाच्या मुळाशी एक तांत्रिक भेद आहे, तो आधी स्पष्ट केला पाहिजे. जखमेवर कातडी लावण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्यात मांडीवरून किंवा अन्य जागेवरून कातडीचा पातळ पापुद्रा पूर्ण सुटा करून जखमेवर पसरतात. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जागेतून नव्या केशवाहिन्या आत शिरल्या तर तो जगतो, नाहीतर काही दिवसांत काळा पडून गळून जातो. दुसऱ्यात कातडी, चरबी किंवा स्नायू पूर्ण तोडत नाहीत. रक्तवाहिन्या असलेला देठ शाबूत ठेवून तो भाग शेजारच्या जखमेवर वळवतात. डॉक्टर मंडळी यालाच फ्लॅप म्हणतात. फ्लॅप स्वतःचे रक्त बरोबर घेऊन येतो, म्हणून खालची जागा कितीही निकृष्ट असली तरी त्याचे फारसे अडत नाही. छातीच्या बाबतीत हा भेद जीवनमरणाचा ठरतो. छातीची भिंत म्हणजे आतल्या अवयवांवरचे नुसते आच्छादन नव्हे. श्वास घेताना आत निर्माण होणाऱ्या ऋण दाबाला ती ताठ राहून तोंड देते. बरगड्यांचा मोठा भाग गेला की तेवढा पट्टा श्वासागणिक आत ओढला जातो आणि माणसाला धाप लागते. त्यामुळे येथे हवाबंद आवरण, पुरेसा ताठपणा आणि पू साचू न देणारा भराव, अशी तीन कामे एकदम साधावी लागतात. उघड्या बरगडीवर किंवा धडधडणाऱ्या हृदयावर पातळ पापुद्रा यांतले एकही काम करू शकत नाही.

टान्सिनींना ही समज एका झटक्यात आली नव्हती. १८९६ साली त्यांनी पहिली रीत प्रसिद्ध केली, तेव्हा पाठीवरून फक्त कातडी आणि तिच्याखालची चरबी उचलली जाई. अशा फ्लॅपचे टोक पुष्कळदा मरे. कारण शोधताना त्या कातडीला रक्त कुठून मिळते, हे त्यांनी तपासले. पाठीच्या त्या भागातल्या कातडीला खालच्या स्नायूतून वर येणाऱ्या बारीक वाहिन्या पोसतात, तेव्हा कातडीबरोबर स्नायूही उचलला तर टोक मरणार नाही, असा निष्कर्ष निघाला आणि १९०६ ची सुधारलेली रीत त्यातून जन्माला आली. पुढे १९७० च्या दशकात ज्याला स्नायू-त्वचा फ्लॅप म्हणू लागले, त्याचे तत्त्व येथे पूर्णपणे हाती आलेले दिसते. अपयश आले, कारण शोधले, रचना बदलली आणि यश मिळाले. शास्त्रीय विचाराचा याहून नेटका नमुना मागायचा तरी कोणता?

त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे वेगळा विचार रुजत होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली स्तनाच्या कर्करोगावरच्या ५० शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. स्तन, त्यावरची भरपूर कातडी, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सर्व एकसलग काढण्याची त्यांची पद्धत होती. त्या ५० जणींपैकी अवघ्या ३ जणींत कर्करोग त्याच जागी परतला होता. इतर नामवंतांच्या रुग्णांत हेच प्रमाण निम्म्याहून जास्त असण्याच्या त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. कर्करोग एका केंद्रातून क्रमाक्रमाने बाहेर पसरतो, म्हणून जेवढे रुंद कापाल तेवढे रुग्णाला वाचवाल, असा त्यामागचा सिद्धांत. त्याची एक उपपत्ती अशी की, जखम कशी बंद होईल याची चिंता शल्यविशारदाने कापताना करूच नये. ती चिंता मनात आली की हात आखडतो. उरलेल्या जागेवर पातळ कातडी लावावी. जाड फ्लॅप टाकला तर त्याच्याखाली रोग परतला तरी दिसणार नाही, ही भीतीही होती. प्लास्टिक शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्यांविषयी हॉल्स्टेड यांनी उघड सावधगिरीचा इशारा दिला होता.

या भूमिकेला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. एक्स-रे नुकते कुठे सापडलेले, शरीराच्या आत डोकावण्याची दुसरी सोय नाही, अशा काळात परतलेला रोग लवकर दिसावा म्हणून आवरण पातळ ठेवणे सयुक्तिकच होते. स्थानिक पुनरुद्भवाचे आकडेही हॉल्स्टेड यांच्या बाजूने बोलत होते. विचित्र गोष्ट अशी की, कापण्याच्या बाबतीत टान्सिनी त्यांच्याइतकेच कडक होते. स्तनावरची सगळी कातडी गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि एवढी कातडी काढायची म्हणूनच त्यांना पाठीचा मोठा फ्लॅप लागत होता. म्हणजे कर्करोगाविषयी दोघांचे मत एक, पण मागे उरलेल्या जागेविषयी दोन. टान्सिनींच्या लेखी ती जागा शस्त्रक्रियेचाच एक भाग होती. हॉल्स्टेड यांच्या परंपरेत हळूहळू ती शस्त्रक्रिया पुरेशी कठोर झाल्याचा पुरावा बनली. ताठरलेला खांदा, बरगड्यांना चिकटलेली चकाकणारी पातळ कातडी, सुजलेला हात यांकडे जीव वाचल्याची किंमत म्हणून पाहिले गेले. ज्या खुणेला कर्तृत्व मानले जाते, ती पुसायला कोण धावेल?

यावर पहिला आक्षेप भाषेचा येईल. टान्सिनी इटालियनमध्ये लिहीत होते, इंग्रजी-जर्मन वाचणाऱ्या शल्यविशारदांपर्यंत ते पोचलेच नसतील, त्यात महायुद्ध आले. आक्षेप सोयीचा असला तरी कागदपत्रे त्याला साथ देत नाहीत. १९०८ साली पुरपुरा यांनी लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये टान्सिनींची पद्धत इंग्रजीत मांडली. १९१२ साली स्तेफानो देस्ते यांनी तीच फ्रेंच शल्यपत्रिकेत सविस्तर वर्णन केली. वैद्यकातले तीन मोठे वाचकवर्ग तिला ओळखू शकत होते. विस्मृतीचे कारण माहितीच्या तुटवड्यात शोधता येत नाही. माहिती समोर होती, ती कशासाठी वापरायची हा प्रश्न कोणी विचारत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस आकसते आणि रुग्ण टेबलावरच दगावतो, या भीतीने छातीची शस्त्रक्रिया कित्येक पिढ्या अडून राहिली होती. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेडरिक पारहम यांनी १८९८ साली छातीच्या हाडांतील गाठी काढण्याचा आढावा घेतला, तेव्हा हाच धोका त्यांच्यापुढे होता. १९०४ साली ब्रेस्लाउमध्ये फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी रुग्णाचे डोके बाहेर आणि धड कमी दाबाच्या खोलीत ठेवण्याची युक्ती काढली. श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याची सोपी पद्धत रुळायला आणखी काही दशके गेली. पेनिसिलिन दुसऱ्या महायुद्धात आले. तेव्हा ही साधने नसताना फ्लॅपला अर्थच काय, असे कोणी विचारू शकेल. पण कालक्रम नीट लावून पाहा. टान्सिनींनी आपली शस्त्रक्रिया यांतले काहीच हाताशी नसताना केली, कारण बरगड्यांच्या बाहेरून केलेल्या फ्लॅपला छाती उघडावी लागत नाही. उलट १९५० पर्यंत नळीची भूल आणि प्रतिजैविके दोन्ही मोठ्या रुग्णालयांत आलेली होती, तरी फ्लॅपला परतायला आणखी पाव शतक लागले. जे नसताना एखादी गोष्ट घडते आणि जे असताना ती घडत नाही, त्याला तिचे मुख्य कारण म्हणता येत नाही. भूल आणि औषधांनी पुढे या शस्त्रक्रियेचा आवाका वाढवला, हे मात्र निर्विवाद आहे.

तिसरा आक्षेप शरीरशास्त्राचा. कातडीला रक्त नेमके कुठून मिळते हे ठाऊक नव्हते, म्हणून फ्लॅप बेभरवशाचे होते, असे सांगितले जाते. यातही अर्धे सत्य आहे. फ्लॅपची लांबी त्याच्या रुंदीच्या ठरावीक पटीपलीकडे नेऊ नये, असा नियम विसाव्या शतकात बराच काळ शिकवला जाई. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीज यांनी छातीवरची कातडी नळीसारखी गुंडाळून टप्प्याटप्प्याने जळक्या, फाटक्या चेहऱ्यांवर नेली. तेही या जपून चालण्याचेच रूप होते. १९७० साली ऑक्सफर्डच्या स्टुअर्ट मिल्टन यांनी डुकरांवर प्रयोग करून तो नियम खोडून काढला. देठात कोणती वाहिनी आहे यावर फ्लॅप जगतो, रुंदीवर नव्हे, असे त्यांनी दाखवले. पण या ज्ञानाचा पाया कितीतरी आधी घातला गेला होता. कार्ल मांखोट या तरुणाने स्ट्रासबुर्गमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असताना प्रेतांचे विच्छेदन करून माणसाच्या कातडीतील धमन्यांचा नकाशा काढला आणि १८८९ साली छापला. क्ष-किरणांच्या शोधाला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. १९३६ साली मार्सेयच्या मिशेल साल्मों यांनी क्ष-चित्रे घेऊन तोच नकाशा अधिक बारकाईने रेखला. या दोन ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद निघाले ते १९८० च्या दशकात, म्हणजे फ्लॅपचे युग सुरू झाल्यानंतर. शरीरशास्त्र अपुरे होते म्हणून शल्यविशारद थांबले, असे म्हणण्यापेक्षा शल्यविशारदांना गरज वाटली नाही म्हणून शरीरशास्त्र धूळ खात पडले, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे.

मग छातीत पू होणाऱ्या असंख्य रुग्णांचे काय? न्यूमोनिया आणि क्षयाने फुप्फुसाभोवती पू साचणे हा एकोणिसाव्या शतकातला नेहमीचा आजार होता. पू काढल्यावर उरलेली पोकळी बुजत नसे. गरजेनेच विद्या जगते असे म्हणावे, तर ही गरज ढळढळीत समोर होती. माझ्या मांडणीला खरे आव्हान येथे आहे. पण त्या पोकळीचे उत्तर ज्या प्रकारे शोधले गेले, ते पाहण्यासारखे आहे. हेलसिंकीच्या याकोब एस्टलांडर यांनी १८७९ साली बरगड्यांचे तुकडे काढून छातीची भिंतच आत बसवण्याची शस्त्रक्रिया सांगितली. माक्स शेडे यांनी १८९० साली तिचे अधिक उग्र रूप दिले. पोकळीत काही भरण्याऐवजी भिंत पाडून पोकळी नाहीशी करायची, असा तो विचार. पोकळीत स्नायू वळवून श्वासनलिकेचे छिद्र बुजवण्याची कल्पना अब्राशानॉफ यांनी १९११ साली मांडली होती. तुरळक अनुयायी मिळूनही ती बाजूलाच राहिली. १९३५ साली सॅन फ्रान्सिस्कोचे लिओ एलोसर यांनी तर क्षयाच्या रुग्णांसाठी कातडीचा फ्लॅप छातीच्या आत वळवून शिवला, तो जखम कायम उघडी राहावी आणि पू वाहत राहावा म्हणून! त्यांच्या काळाच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते आणि आजही काही रुग्णांना ती शस्त्रक्रिया उपयोगी पडते. पण यातून दिसते ते असे की, गरज असणे पुरेसे नाही. वाकडी झालेली छाती आणि वाहते भोक यांना उपचाराचे यश समजले गेले, तिथे फ्लॅपला वाव उरला नाही. पुढे क्षयावर औषधे निघाली आणि तो रुग्णवर्गच आटत गेला.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या पुण्याजवळचे आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाची हकिकत सचित्र छापली गेली. तो इंग्रजी फौजेत बैल हाकीत असे. टिपूच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने, विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने, त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक केले. मेणाची पातळ पट्टी करून तिचा आकार कपाळावर उतरवला, कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मधला देठ तेवढा राखला आणि सुमारे २५ दिवसांनी तो कापला. देठ कशासाठी ठेवतात, तर नाक धरेपर्यंत रक्त चालू राहावे म्हणून, हे त्या वृत्तांतात स्पष्ट सांगितले आहे. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. सुश्रुतसंहितेचा वारसा म्हणून ही कथा आपण अभिमानाने सांगतो. मला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. विद्यापीठ नाही, नियतकालिक नाही, शरीरशास्त्राचा नकाशा नाही, तरी ही विद्या कारागिरांच्या हातांत जिवंत राहिली. नाक कापणे ही शिक्षा होती, नकटे तोंड घेऊन जगणे ही बेअब्रू होती, आणि ती भरून काढायलाच हवी यावर सगळ्या समाजाचे एकमत होते. पाव्हियाच्या प्राध्यापकाची छापील विद्या बुडाली आणि पुण्याच्या कारागिराची बिनछापील विद्या टिकली, याचा उलगडा साधनांच्या हिशेबाने होत नाही. जखमेला समाजाने दिलेल्या किमतीने होतो.

छातीवरच्या जखमेची किंमत बदलली ती दोन नव्या जखमांमुळे, आणि दोन्ही वैद्यकानेच निर्माण केलेल्या होत्या. पहिली किरणोपचाराची. स्तन काढल्यावर छातीवर क्ष-किरण देण्याचा प्रघात पडला. त्या काळच्या यंत्रांतून येणाऱ्या किरणांचा सर्वांत जास्त मारा कातडीवरच होई. वर्षे लोटल्यावर काही रुग्णांची तिथली कातडी आणि खालच्या बरगड्या मरू लागत. रक्तवाहिन्या जळून गेल्याने त्या व्रणावर पातळ कातडी धरेना. हॉल्स्टेड यांचे जुने उत्तर येथे शब्दशः निर्जीव ठरले. कर्करोगातून वाचलेली बाई उपचाराच्या व्रणाने झिजत असताना त्याला विजयाची किंमत म्हणणे अवघड होते. १९६३ साली रुमानियातल्या क्लुजच्या इयॉन किरिकुत्सा यांनी आतड्यांवरचा चरबीचा पडदा, म्हणजे ओमेंटम, पोटातून छातीवर आणून असे व्रण झाकल्याचे लिहिले. ओलिव्हारी यांचा १९७६ चा फ्लॅपही मुळात याच किरणव्रणांसाठी होता. त्याच दशकात पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर तुलनात्मक चाचण्यांतून हॉल्स्टेड यांचा मूळ सिद्धांत तपासत होते. अधिक कापल्याने अधिक जगतात असे त्यांना आढळले नाही. फ्लॅपखाली रोग लपेल ही धास्ती ज्या विचारावर उभी होती, तोच विचार ढासळू लागला. टान्सिनींचे पुनरागमन आणि हॉल्स्टेड यांचा अस्त एकाच दशकात व्हावा, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही.

दुसरी जखम हृदयशस्त्रक्रियेची. १९५७ नंतर छातीचे मधले हाड उभे चिरून हृदयापर्यंत पोचण्याचा मार्ग सर्वमान्य झाला. १९६७ साली क्लीव्हलंडमध्ये रेने फाव्हालोरो यांनी पायातल्या शिरेचा वापर करून बायपासचा पाया घातला आणि अशा शस्त्रक्रियांची संख्या भराभर वाढली. शंभरातल्या मोजक्याच रुग्णांचे चिरलेले हाड पुवाने भरे, पण त्यांची अवस्था भयंकर होई. जखम उघडी ठेवून पट्ट्या कोंबाव्यात तर हृदय आणि नव्या शिरा उघड्या पडत आणि अचानक रक्तस्राव होऊन रुग्ण जाई. १९६३ पासून जखम बंद करून नळ्यांतून जंतुनाशक द्रावण सोडण्याचा उपाय होता, तोही अनेकदा फसे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले मॉरिस जुर्कीविच आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली वेगळे उत्तर दिले. मेलेले हाड निर्दयपणे काढा आणि रिकाम्या जागेत छातीचा पेक्टोरॅलिस किंवा पोटाचा रेक्टस स्नायू देठासकट भरा. जिवंत स्नायू पोकळी भरतो आणि स्वतःच्या रक्ताबरोबर पांढऱ्या पेशी व प्रतिजैविके आत नेतो. हॉल्स्टेड पद्धतीत कापून टाकला जाणारा पेक्टोरॅलिस येथे जीव वाचवू लागला. येथे कोणाचा सिद्धांत आड आला नाही. बायपाससाठी आलेला माणूस छातीच्या जखमेने मरणे म्हणजे अपयश, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती, आणि काही वर्षांतच ही रीत जगभर पसरली.

एकदा जखम खात्रीने झाकता येऊ लागल्यावर कापण्याची मर्यादाही सरकली. मेयो क्लिनिकचे फिलिप आर्नल्ड आणि पीटर पेरोलेरो या जोडीने १९९६ साली छातीच्या भिंतीची पुनर्रचना केलेल्या सलग ५०० रुग्णांचा वृत्तांत दिला. एक प्लास्टिक सर्जन, दुसरा छातीचा सर्जन, ही जोडीच बोलकी आहे. ताठपणासाठी कृत्रिम जाळी किंवा पत्रा, त्यावर जिवंत स्नायूचे आवरण, असा कामाचा क्रम बसला. त्यामुळे पूर्वी हात न लावता सोडून दिलेल्या गाठी काढता येऊ लागल्या. कापताना झाकण्याचा विचार आला की हात आखडतो, असे हॉल्स्टेड यांच्या परंपरेला वाटत होते. प्रत्यक्षात झाकण्याची हमी मिळाल्यावरच हात मोकळा झाला. दुरुस्ती ही कापण्याची मिंधी नसून कापण्याला धीर देणारी बाजू आहे, हे टान्सिनींचे न लिहिलेले सूत्र ९० वर्षांनी आकड्यांनी सिद्ध झाले. अडचणी संपल्या असे मात्र नाही. बायपाससाठी छातीच्या आतली स्तनधमनी वापरली की त्या बाजूच्या रेक्टस स्नायूचा वरचा रक्तपुरवठा जातो, शिवाय हाडालाही कमी रक्त मिळते. म्हणजे हृदयासाठी उत्तम असलेली निवड छातीच्या दुरुस्तीची एक वाट बंद करते. अशा वेळी ओमेंटम किंवा दुसरा स्नायू शोधावा लागतो.

मुंबईच्या अनुभवाने हाच मुद्दा दोन बाजूंनी उजळतो. स्टीफन आरियान यांनी १९७९ साली छातीचा पेक्टोरॅलिस स्नायू कातडीसह वर नेऊन तोंड आणि गळ्याची दुरुस्ती करण्याची रीत सांगितली. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे अमाप रुग्ण पाहणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णालयांत, परळच्या टाटा मेमोरियलसह, हा फ्लॅप रोजच्या कामाचा झाला. जबडा काढलेला माणूस गिळू-बोलू शकला पाहिजे, ही गरज नाकारणे शक्यच नव्हते. याउलट मुंबईच्याच ना. ह. अंतिया आणि बुच यांनी १९७१ साली पोटावरचा त्वचा-चरबीचा तुकडा पूर्ण सुटा करून त्याच्या रक्तवाहिन्या नव्या जागी जोडल्याचे ब्रिटिश नियतकालिकात लिहिले. मुक्त फ्लॅपच्या जगातल्या अगदी आरंभीच्या वृत्तांतांत तो मोडतो, तरी या विद्येचा सर्वसाधारण इतिहास १९७३ च्या ऑस्ट्रेलियातील डॅनियल आणि टेलर यांच्या लेखापासून सुरू केला जातो. पहिला असण्याने श्रेय मिळतेच असे नाही, टिकाव तर त्याहून लागत नाही.

या मांडणीवर शेवटचा आक्षेप असा घेता येईल की, मी गरज, मान्यता आणि किंमत हे शब्द मागाहून लावतो आहे. जे टिकले त्याला मान्यता होती आणि जे बुडाले त्याला नव्हती, असे म्हणणे म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणे झाले. आक्षेप टाळण्यासारखा नाही, पण त्याची परीक्षा घेता येते. माझे म्हणणे चूक असेल, तर साधने तीच असताना निरनिराळ्या जखमांना एकसारखी वागणूक मिळालेली दिसायला हवी. तशी दिसत नाही. १९८० च्या सुमारास हृदयरुग्णाच्या छातीवर स्नायू वळवणे हे अत्यावश्यक काम ठरले, तर तोच स्नायू स्तन गमावलेल्या बाईच्या छातीवर वळवणे बराच काळ हौसेचे समजले गेले. अमेरिकेत विमा कंपन्यांनी त्याचा खर्च द्यावा म्हणून १९९८ साली कायदा करावा लागला. हात तेच, स्नायू तोच, धमनी तीच, फरक जखम कोणाची आणि तिला काय म्हणायचे एवढाच होता. आपल्याकडे स्तन काढल्यावर पुनर्रचना करून घेणाऱ्या स्त्रिया आजही थोड्या आहेत, आणि त्यामागे खर्चाइतकाच ‘या वयात ते कशाला’ हा घरातला आणि कधीकधी दवाखान्यातला प्रश्न असतो. म्हणून एखादे तंत्र एखाद्या गावी का पोचले नाही, हे शोधताना यंत्रे आणि तज्ज्ञ मोजून थांबू नये. तिथे कोणती जखम बरी झाली असे समजून रुग्णाला घरी पाठवले जाते, हेही तपासावे. टान्सिनींच्या रुग्णांनंतरच्या दोन पिढ्यांतल्या स्त्रियांना घरी पाठवले गेले, ते त्या बऱ्या झाल्या आहेत अशा प्रामाणिक समजुतीने. तो प्रामाणिकपणाच त्या ७० वर्षांचे खरे कारण आहे.